शकूची इलेक्ट्रिक गिटार आणि रोह्याची हळद

पेण, रविवार

तीर्थरूप हैबतदादास,

धाकट्या शकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची साखर उतरली का? गागोद्याला भाताची झोडणी आटोपून वालाला शेंगा धरल्या असतील. इकडे सगळे बरे आहोत. फोनवर मी बोलायला लागले की तुझ्याकडची रेंज जाते (माझ्याशी बोलतानाच जाते, असं वहिनी म्हणाली), म्हणून लिहायला बसले.

शकू म्हातारपणी बिघडली, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं असेलच. नसेल घातलं तर मीच घालते. मी इलेक्ट्रिक गिटार शिकते. त्याचं झालं असं, की माझी नात ऋतुजा हिने दिवाळीपासून जेवण अर्धं केलं. तिला गिटारच्या क्लासला जायचं होतं, तेही विजेवरच्या. पनवेलचे हरेशसर मुलांना शिकवायला रोह्याच्या गाडीने पेणला यायला तयार होते, पण पाच मुलं तरी पाहिजेत म्हणाले. सगळी आळी पालथी घातली तरी चारच मिळाली. तेव्हा पाचवं मूल म्हणून मी बसले. सरांनी वय विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उंचीचं म्हणशील तर मी त्या चौघांत सहज खपते.

क्लास भरतो आमच्या ह्यांच्या गणपतीच्या कारखान्यात, कच्च्या मूर्तींच्या मधोमध. पहिल्या दिवशी सरांनी डबा लावला (त्याला अँप म्हणतात, त्यातूनच आवाज येतो) आणि एक तार छेडली, तर कोपऱ्यातल्या बाप्पांची सोंड गळून पडली. सोंड ओली होती, असं मी म्हणते. ह्यांचं म्हणणं वेगळं आहे. मूर्तींचे डोळे अजून रेखायचे होते, पण कान तयार होते, म्हणून ह्यांनी सगळ्या मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आणि स्वतःही त्यांच्यातच जाऊन बसले. सरांकडे आवाज फाडायचं एक बटणही आहे, पायाने दाबायचं. आपण फाटलेला स्पीकर दुरुस्तीला देतो, आणि हे मुद्दाम फाडतात. पण दादा, मला ते बटण फार आवडलं. आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात मला कुणी बोलू दिलं नव्हतं.

अडचण झाली ती माझ्या बांगड्यांची. हात हलला की खळखळतात. सर म्हणाले, काढून ठेवा. मी म्हटलं, हे तिकडे भिंतीपाशी जिवंत बसलेत, बांगड्या कशा काढू? शेवटी वर सारून रुमाल बांधायचं ठरलं.

मग सरांच्या चुलतभावाची रोह्याला हळद निघाली आणि सरांनी आम्हालाच वाजवायला नेलं. संध्याकाळी मांडवात नवरा पाटावर बसलेला, शेजारी हळदीची परात, आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण कृष्णाबाई कोपऱ्यात फुगून बसलेली, कारण तिच्या आधी आमचा नंबर लागला होता. आम्ही हात उचलले आणि लाइट गेली. काही झालं तरी थांबायचं नाही, हे सरांनी चौघांना इतकं पढवलं होतं की पोरं वाजवतच राहिली. विजेची गिटार विजेवाचून वाजली तर नुसती टिकटिक करते. माझा रुमालही सुटला होता. सगळा मांडव अंधारात माझ्या बांगड्या ऐकत होता.

लोकांना वाटलं, हल्ली असंच असतं. कृष्णाबाई मात्र उठून माझ्यापुढे येऊन बसली. "जरा ठेक्यात हालव गो हात," म्हणाली आणि तिने धवला धरला. काय सांगू दादा, तिचा आवाज, पोरांची टिकटिक आणि माझ्या बांगड्या! बायका डोळे पुसत होत्या. ऋतुजा माझ्याकडे पहिल्यांदाच मान देऊन बघत होती.

आणि लाइट आली.

आवाज का येत नाही म्हणून सरांनी अंधारात सगळी बटणं शेवटपर्यंत पिळून ठेवली होती (लाइट गेली की डबाही बंद पडतो, हे त्या घाईत त्यांना सुचलं नाही). माझा पाय फाडायच्या बटणावर. जो काही कडकडाट झाला त्याने परात उलटली आणि नवरा पाटावरून उठला तो थेट रस्त्याला लागला. नवरीचं घर पुढच्याच गल्लीत. पिवळाजर्द नवरा दारावरून पळताना त्यांनी पाहिला आणि मुलाला लग्न नको म्हणून ओरडा झाला. मुलीचे वडील माणसं घेऊन मांडवात आले. नवऱ्याला एस.टी. स्टँडवर मुरूडच्या गाडीतून उतरवून आणलं. सर गिटारच्या पिशवीमागे लपले. माझ्यापायी एक लग्न मोडतं की काय, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात नवरी स्वतःच आली. रोहिणी तिचं नाव. तिने सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला म्हणाली, "पळायचं तर आत्ताच पळ. मी पुन्हा बोलवायची नाय."

तो हात जोडून म्हणाला, "मी लग्नाला नाय घाबरलो. त्या आजीला घाबरलो."

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवर थाप मारून अशी हसत सुटली, की तिचे वडीलही हसले. मग तिने अट घातली, की त्याने पाटावर बसून आमचं गाणं पुरतं ऐकायचं. आम्ही वाजवलं, कृष्णाबाईने म्हटलं, आणि तो डोळे मिटून, रोहिणीचा हात घट्ट धरून बसला. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. जोडा चांगला आहे.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी शकू

ता. क. तुझ्या निकेशच्या हळदीला बेंजो पार्टी ठरवू नकोस. आम्ही वाजवू. रोह्याचं वर लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस, तसं फार काही झालं नव्हतं.

ता. क. २. ऋतुजाने रोह्याहून आल्यावर क्लास सोडला. तिला आता बुद्धिबळ शिकायचं आहे.

ता. क. ३. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मीच तुझ्या हातात देते आहे. सर आणि उरलेली पोरं ओटीवर बसली आहेत. वाचून झालं की प्लग कुठे आहे तेवढं दाखव.