रक्षिताचं ऊन

५ जुलै १९९४
पीएचडीला अजून विषय नाही, म्हणून सत्यवती मॅडमच्या व्याख्यानाला जाऊन बसले. उन्हाने पेशीतला डीएनए रोज बिघडतो, पेशी तो रोज दुरुस्त करते. काहींच्यात ही दुरुस्ती जन्मापासूनच होत नाही, म्हणाल्या. मग पडद्यावर एका मुलीचा चेहरा — काळे ठिपकेच ठिपके, फुटलेले ओठ.
माझी धाकटी बहीण रक्षिता अगदी अशीच दिसते! पुढचं काही ऐकू आलं नाही.

६ जुलै
आई इतकी वर्षं रक्षिताच्या ठिपक्यांना उष्णता म्हणते. तिला रोगाचं खरं नाव सांगितलं.
"मग औषध?"
नाही म्हटल्यावर उठून खिडकीचे पडदे ओढत बसली. रक्षिता चौदा वर्षांची झाली, पण दुपारचा रस्ता काही तिला ठाऊक नाही. म्हणाली, "सरी, ठीक आहे अक्का, नाव तरी कळलं."

२० जुलै
मॅडमनी लॅबमध्ये घेतलं. "बहिणीसाठी येत असशील तर येऊ नकोस. तिच्या हयातीत औषध निघेल असं नाही."
तरी येते म्हटलं.

१० सप्टेंबर
गुरुदत्त भेटला. मामाचा मुलगा; आमचं लग्न लहानपणापासून ठरलेलंच. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीतून थेट जयनगरला आला, कॉफी प्यायलो. माझ्या बोटावरचा शाईचा डाग त्याने रुमालाने पुसला. एवढंच. घरी येईपर्यंत ते बोट दुसऱ्या हातात धरून होते.

८ नोव्हेंबर
हा दोष आई आणि वडील, दोघांकडूनही आला तरच रोग होतो. आई-बाबा आते-मामेभावंडं. मी आणि गुरुदत्तही.
आमच्या मुलांना होईल का, मॅडमना विचारलं. "धोका थोडा आहे. पण आहे."

१३ नोव्हेंबर
गुरुदत्तला सगळं सांगितलं. म्हणाला, "स्वल्प धोका ना? मग मूलच नको. मला तू हवीस."
मी लग्नालाच नाही म्हणाले. मला मूल हवंय, आणि त्याचंच हवंय — हे नाही बोलले.

२ डिसेंबर
लॅबमधून निघून उगाच त्याच्या बसथांब्यावर गेले. त्याची बस आली. तो नव्हता.

४ डिसेंबर
संध्याकाळी केस विंचरताना रक्षिताने विचारलं, "गुरुअण्णाला नाही म्हणालीस, ते माझ्यासारखं मूल होईल म्हणून ना, अक्का?"
मला खोटं बोलता आलं नाही.