वाकड्या कानांचं अस्वल

चिमे,

जेवण झाकून ठेवलंय. मी आईकडे वॉर्डात जातोय. तुझ्या टोपलीतला तपकिरी लोकरीचा गोंडा शोधत बसू नकोस, त्याचं मी तिच्या आवडत्या कार्टून सिनेमातलं अस्वल केलंय, खाटेला टांगायला. तुला दुसरा गोंडा करून दिला असता, पण माझा हात तुला ठाऊक आहे.

परवाचं अस्वल तर दोन्ही कान सारखे करायच्या नादात कातरून कातरून उंदराएवढं झालं, आणि कान वाकडे ते वाकडेच. तरी तेच नेलं. तिने मला विचारलं, "आपण कोण?" मग अस्वल उलटंपालटं करून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "हे आमच्या ह्यांनीच कातरलेलं दिसतंय."

आजच्याचे कान मी मुद्दाम वाकडे ठेवलेत.

बाबा