गोष्ट सांगायची पाळी

३ मार्च

परत तेच! शनिवारी देणगीदार येणार. संस्था चालवणाऱ्या ताई सकाळी शिवणवर्गात आल्या. विचारलं नाही — सांगितलं. ‘यंदा व्हिडिओ करायचाय. तू नेहमीचंच बोल.’

नेहमीचंच! म्हणजे मला कुणी विकलं, किती दिवस कोंडलं, कशी सुटले. इथे येऊन अकरा वर्षं झाली. आता मीच मुलींना शिवण शिकवते, पगार घेते, लेक दुसरीत आहे. पण वर्षातल्या त्या एका दिवशी मी पुन्हा सोळाची. आणि व्हिडिओ म्हणजे कायमचं. लेक मोठी होईल, बघेल.

४ मार्च

ताईंना ‘नाही’ म्हणाले. कापडाचा गठ्ठा छातीशी घट्ट धरला होता.

ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं! ‘मदत आटली तर अडकलेल्या मुलींचे फोन उचलणारी बाई जाईल. वस्त्यांतून मुली शोधणारी गाडी बंद. तू बोललीस की लोकांचे हात सैल होतात गं.’

मलाही त्याच गाडीने शोधलं होतं. मी दुभती गाय. दुभती गाय लाथ तरी मारते!

५ मार्च

एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या. मुली हसल्या. मीही.

६ मार्च

महिन्यापूर्वी आलेली सगळ्यांत धाकटी — दिवसभर बटणं निवडते, म्हणून सगळ्या तिला ‘बटण’च म्हणतात. आज आरशापुढे उभी राहून पुटपुटत होती. कान दिला तर — माझी वाक्यं! संस्थेच्या माहितीपत्रकात छापलेली, जशीच्या तशी.

‘हे काय गं?’

‘तुम्ही नाही म्हणालात ना. मग मी बोलीन. माझं मला अजून सांगता येत नाही, म्हणून तुमचं पाठ केलं.’

‘ताईंनी सांगितलं?’

‘नाही. पण गाडी बंद झाली तर? माझी बहीण अजून तिकडेच आहे.’

तडक ताईंच्या खोलीत गेले. ‘मी बोलते. बटणला उभं करू नका.’ निघताना तोंडातून निसटलंच — ‘एकदा तुम्ही उभ्या राहून बघा, ताई! एकदाच!’

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिल्या.

७ मार्च

माझं नाव पुकारलं. माईकपाशी गेले. ताई उठून आल्या, मला हलकेच बाजूला केलं, कॅमेरावाल्याला कॅमेरा बंद करायला लावला.

‘मला विकलं तेव्हा मी चौदाची होते,’ म्हणाल्या. ‘चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. हिलाच सांगायला लावत आले.’