मोहाखालचा निळा धूर

नागपूर, ६ एप्रिल १९५६

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

गावाकडे निघालेल्या भैयाजींबरोबर चादरीत गुंडाळून चित्र पाठवलं आहे. आपल्या शेतातला मोह, पहाटेची वेळ, खाली वाकून फुलं वेचणारे बाबा. चित्रशाळेतले मास्तर म्हणतात, की हा निळा धुरकटपणा उगाच आहे, चैत्रात धुकं कुठून येणार? पुसलंस तरच प्रदर्शनात घेतो. ताई, बाबांना जाऊन वर्ष झालं. मला ते याच निळ्यातून दिसतात. तू म्हणशील तसं करीन.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझा देवाजी

धानोरा, १० एप्रिल

चि. देवाजीस,
अनेक आशीर्वाद.

चित्र ओसरीवर टेकवलं आणि चहा निवला तरी मी उभीच! काय निळा रे तो! खाली दाट, फांद्यांशी विरळ, मागे कुसुमाच्या झाडाच्या पालवीची लाली. माझे डोळे चुरचुरले, खोटं नाही. मास्तरांना सांग, हे धुकं नाही. फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून आम्ही मोहाखालचा पाला जाळतो, त्याचा धूर आहे. त्याला हात लावलास तर याद राख.

पण जन्मभर मोह वेचलेली आपली बुधरी आली. म्हणाली, की रंग अस्सल हाय, पन आग इझली नाई आन् भाऊ फुलं काऊन येचून राह्यले? बाबांना ती भाऊच म्हणते ना. खरंच रे, नागपूरला जाऊन एवढं विसरलास? धूर सरेपर्यंत बाबा पार बांधापलीकडे बसायचे, चित्रात मावणार नाहीत इतके लांब. पुसायचंच तर बाबांना पुसावं लागेल. लिहिताना जिवावर आलं. आईला अजून दाखवलं नाही. चित्र परत पाठवते आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

नागपूर, २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना पुसलं. दोन दिवस ब्रश उचलवेना. त्यांची टोपली तेवढी झाडाजवळ ठेवली. मास्तरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, की मी हा रंग कधी पाहिलाच नव्हता, चूक माझी. चित्र प्रदर्शनात दारासमोर लागलं! आता प्रदर्शन संपलं, ते आईसाठी पाठवतो आहे. पण तिने बाबा कुठे म्हणून विचारलं, तर काय सांगशील?

चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा देवाजी

धानोरा, ३ मे

चि. देवाजीस,
अनेक आशीर्वाद.

आईने टोपली लगेच ओळखली. मग धुरावरून हळूच बोट फिरवत राहिली. मी भीत भीत म्हटलं, की यात बाबा नाहीत. तर मलाच रागावली, की धूर दिसून नाई राह्यला का तुले? सरू दे, मंग येतीन ते.

चित्र तिच्या खाटेसमोर लावलं आहे. सुटीत ये, दोघी वाट पाहतो.
तुझी ताई