चौथा माग

लोवेल, मार्च

आईस केझायाचा नमस्कार.

मी बरी आहे. खोकला आहे, पण इथे कापडगिरणीत तो सगळ्याच मुलींना असतो, तेव्हा काळजी करू नकोस. गाय व्याली का?

तू विचारलंस, कुणी मुलगा भेटला का. अगं, दिवसाला शंभर मुके घेते मी, पण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे! धाग्याचं टोक त्याच्या भोकातून ओठांनीच ओढावं लागतं.

तीन मागांवरच जीव मेटाकुटीला येतो. आता मुकादम म्हणतो, "चौथाही सांभाळ, पगार तोच." आम्ही सगळ्याजणींनी लिहून दिलं, की पगार वाढल्याशिवाय चौथा माग कुणीही घेणार नाही. कागद वाचून तो मला हसत म्हणाला, "नका घेऊ. खेड्यांत मुली काय कमी आहेत? तुझ्याच गावाला गाडी पाठवतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती गाडी येईलच. गाडीवाला गोडगोड बोलेल. आपल्या धाकट्या लोव्हिनाला नव्या टोपीचं वेड, पगाराच्या आशेने ती लगेच चढून बसेल. तिला एवढंच सांग, ज्या मागासाठी तुला नेतायत, तो तुझ्या बहिणीने नाकारलाय.

तुझी हट्टी,
केझाया