एका घरात चार जोसेफ

१२ मार्च ९४, शनि.
मधुराने शेवटी त्याला घरी आणलंच. लूक. तिच्याच ऑफिसातला. कॅनडाचा, पण घरी फ्रेंच बोलतात. लग्न करायचंय म्हणे. खिचडी दोनदा मागून खाल्ली, म्हणजे धोरणी आहे. मी सरळ म्हटलं, तुझा इथला, सिंगापूरचा कामाचा पास बघू. म. लाल झाली. त्याने निमूट काढून दिला. त्यावर पहिलं नाव जोसेफ! म्हणतो, बाप्तिस्म्याला मुलगा असला की जोसेफ, मुलगी असली की मारी. हाक मात्र दुसऱ्याच नावाने. दोन्ही भाऊ जोसेफ, वडीलही जोसेफ. एका घरात चार! मला काय दूधखुळी समजतो की काय.

१५ मार्च
वरच्या मजल्यावरच्या नेनेबाईंना सांगितलं. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीला असाच गोरा भेटला होता, पहिली बायको त्याच्या देशात.
संध्याकाळी म.ला खोदून विचारलं. लूकच्या आजोबांचं आडनाव मोरँ, त्यांच्या सख्ख्या भावाचं व्हालकूर! कुणा पूर्वजाला पलटणीत टोपणनाव पडलं, घरातल्या काहींनी तेच लावलं म्हणे. मी म्हटलं, दोन आडनावं ज्याला दोन घरं असतात त्याला लागतात.
म. शांतपणे, "आई, आपण नेवरेकर कधीपासून? मूळचे गोगटे ना?"
कार्टी बापावर गेलीय.

२० मार्च, रवि.
ह्यांचा बोटीवरून फोन. इंजिनाचा आवाज बदलला तर रात्रीचे उठतील, पोरीच्या लग्नाचं विचारलं तर 'तू बघ'.
आज खरं बाहेर आलं. लग्नानंतर म. त्याचं नाव लावणार नाही! त्याच्या क्वेबेक प्रांतात कायदाच तसा, बायको जन्माचंच नाव ठेवते. असा कुठे कायदा असतो? नाव द्यायचं नाही म्हणजे उद्या हात झटकायला मोकळा. कोण बायको, कसली बायको. खूप रडले. म.ने दार आपटलं.

२७ मार्च
लूक आला, म. घरी नसताना. आता हे काय नवीन. चहा केला, पण समोरच बसून राहिले.
त्याची मावशी पूर्वज शोधते, चर्चच्या जुन्या नोंदींतून. आई, आईची आई, तिची आई... पार फ्रान्सहून बोटीतून आलेल्या पहिल्या बाईपर्यंत त्याने म्हणून दाखवलं. प्रत्येकीचं माहेरचं नाव. थडग्यावरही तेच, म्हणून सापडतात. पाठ करून आला असेल. मग म्हणाला, तुमच्या सांगा.
आईचं सांगितलं. आजीचं सासरचं, जानकी. माहेरचं? मिरजेला मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "तिला सगळे आक्काच म्हणायचे."
म्हणजे कुणालाच माहीत नाही. माझी सख्खी आजी. फार वाईट वाटलं. त्याच्यासमोर दाखवलं नाही.

२ एप्रिल, शनि.
तोआ पायोहला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, तिघं. नेनेबाई म्हणाल्या होत्या, कोंडीत पकडा, टाळाटाळ करतो का बघा. मी विचारलं, आमच्यात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. तू काय लिहिशील?
वाटलं, आता गडबडणार.
नूडल्स बाजूला ठेवल्या. म्हणाला, "आधी तिला विचारेन."
म. त्याच्याकडे बघत राहिली. मी म.कडे. तिने पढवलं असेल का? पण मी हे विचारणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. की इतका पोचलेला आहे?
परत येताना एमआरटीच्या गाडीत तेच डोक्यात. मला कुणी विचारलं होतं? माझं नाव वसुधा झालं हे मला ताटात वाचून कळलं. सगळे हसत होते, मीपण हसले.
उद्या ह्यांचा फोन. लूकचं काय ठरवलंस म्हणतील. त्याआधी मी विचारणार आहे, तेव्हा मला का नाही विचारलंत.