तायसाठी गायलेला धवला

जीवना बंदर, श्रीवर्धन
दि. २२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताय,

तुला आणि अजेय भावोजींना नमस्कार. वल्लरीला माझा पापा. न्हावा शेव्याला भावोजींच्या ऑफिसात काम वाढलंय म्हणे. इकडे सगळं ठीक. होडीचं इंजिन दुरुस्त झालं, बांगडा बरा मिळतोय. शेजारची आवडाबाई रोज डोकं खाते, 'लगीन कर रं आता'. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्याला कोण पोरगी देणार?

तुझे चार फोन येऊन गेले, एकही उचलला नाही. उचलून काय बोलणार होतो? छाती झाली नाही, म्हणून कागद घेतला.

तुझा मेसेज वाचला. "आवडाबाई म्हणते, आय माझ्यासाठी तुझ्या रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये बोलली होती. कसंही असू दे, मला पाठव."

आवडाबाई खरं बोलली. मेच्या शेवटी, आय अंथरुणाला खिळायच्या आधी, एक दिवस मला म्हणाली, "माईक लाव रं. नेत्राचा धवला गायाचा र्‍हायलाय." आख्ख्या बंदराची धवलारीण ती. तिने धवला गायल्याशिवाय इथे कुणाचं लगीन लागलं नाही, आणि तू सुपारीच्या वाडीवाल्यांच्या मुलाशी कोर्टात लगीन केलंस तेव्हा पोटच्या पोरीसाठी तोंड शिवून बसली. सहा वर्षं तुझं नाव घेतलं नाही. तीच ही.

मी आवडाबाईला बाहेर काढलं. बांगड्या वाजतात म्हणून. दार लावलं. आय आधी बरंच बोलली, मग गायली. धवल्यात नवरीचं नाव येतं तिथे तिने तुझं घेतलं. रडली नाही गो. एखाद्याच्या मांडवात बसावी तशी ताठ बसून गायली.

आता पुढचं ऐक. त्याच आठवड्यात मी नेटवरून एक रिव्हर्ब प्लगइन उतरवला होता, फुकटातला. कुठलाही आवाज त्यात घातला की देवळात नाहीतर मोठ्या हॉलमध्ये गायल्यासारखा घुमतो. येडा झालो होतो मी त्याच्यापायी. आयचा बसलेला आवाज त्यात टाकला, देऊळ निवडलं, आणि काय सांगू ताय, दहा वर्षांपूर्वीची आय ऐकू आली! गाण्याआधीचं बोलणं कापून टाकलं, मध्ये खोकला होता म्हणून. तसंच सेव्ह केलं. मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आहे असं धरून रेकॉर्डरचं कार्ड कोरं केलं आणि बंदरातल्या गणराजच्या हळदीला रेकॉर्डिंगसाठी नेलं. लॅपटॉपवर होतं ते फक्त घुमवलेलं गाणं.

म्हणशील, तू तर समोरच होतास, काय बोलली ते सांग. होतो ना समोर. हेडफोनसुद्धा कानाला होते. पण लक्ष सगळं आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर. आवाज फाटतोय का, पंख्याची घरघर येतेय का. "नेत्रा बाय" एवढं ऐकलं. मग भावोजींबद्दल काहीतरी, वल्लरीच्या वाळ्यांबद्दल काहीतरी. म्हटलं, रेकॉर्ड होतंयच, नंतर निवांत ऐकू. आय बोलत होती आणि मी काटा बघत होतो.

घुमवलेला आवाज पुन्हा होता तसा होत नाही, महिनाभर डोकं आपटून पाहिलं. आणि कापलेलं बोलणं तर कुठेच नाही. या पत्राआधी दोन पत्रं लिहिली. त्यात आयच्या तोंडी छान छान वाक्यं घातली, 'माफ केलं', 'सुखी राहा' अशी. वाचून माझीच मला शिसारी आली. फाडून टाकली.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. पण आयच्या अंत्यविधीला तू आलीस तेव्हा मी तोंड चुकवत फिरलो, ते या हरवलेल्या बोलण्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून आय विचारायची, "नेत्राला पोचलं काय रं?" मला ते गाणं अजून चांगलं करायचं होतं. घुमणं कमी करू, की थोडं वाढवू? आज पाठवतो, उद्या पाठवतो. शेवटी तिच्या विचारण्याला कंटाळून सांगून टाकलं, "पोचलं. ऐकलंन तिने."

तेव्हापासून ती दारात बसायला लागली. मुंबईकडची एसटी यायच्या वेळी पदर नीट करायची. पुढे बसवेना तेव्हा खाट दारापाशी सरकवून घेतली. मी बघत होतो, ताय. जूनभर आणि जुलैभर. नारळी पुनवेच्या चार दिवस आधी ती गेली, त्याच्या आदल्या सकाळी मला म्हणाली, "ऐकून पन न्हाय आयली पोर. जाऊ दे. मीच उशीर केला."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. फोन खिशात होता. नाही उघडलं.

गाणं पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय. ऐक, नाहीतर समुद्रात टाक. मला शिव्या दे, दार बंद कर, काही म्हणणार नाही.

पोचलं असतं तर त्याच दिवशी तू धावत आली असतीस. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. आता तिला कुठे जाऊन सांगू?

तुम्हा दोघींचा गुन्हेगार,
पियूष